शंभर टाके आणि एक नियम



श्रुतपंचमीला आमच्या बस्तीतल्या शास्त्रांना नवी वेष्टनं घालायची पद्धत आहे. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांच्या षट्खंडागमाची आठवण म्हणून आपण हा दिवस पाळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. गेली कित्येक वर्षं ती वेष्टनं आमच्या घरून शिवून जातात. शिवतात माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

गेल्या वर्षी अक्कांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितली. अक्कांनी एक शब्द काढला नाही. पण श्रुतपंचमीच्या आदल्या आठवड्यात बघते तर खिडकीपाशी बसून हाताने तुरपाई चाललेली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. सुई ओवायला दर वेळी मला नाहीतर नातीला हाक. अशी सहा वेष्टनं त्यांनी हाताने पुरी केली.

नवी मशीन आणायची, असं मी तेव्हाच मनात धरलं. खरं सांगायचं तर मलाही हौस होती. जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांची गोधडी, पूजेच्या द्रव्याच्या पिशव्या, पाणी गाळायची गाळणी, भाचीच्या बाळाला टोपरी. मोबाईलवर कॉम्प्युटराईज्ड मशीनचे व्हिडिओ बघून बघून मन तिकडेच ओढ घेत होतं. बटण दाबलं की नक्षीचा टाका, बटण दाबलं की काज!

अडचणी दोन होत्या. एक पैशाची. वर्षभर बाजूला टाकलेले पंचवीस हजार रुपये, त्यापुढे एक रुपया नाही. दुसरी अडचण माझी मीच करून ठेवलेली. मागच्या चातुर्मासात माताजींसमोर मी वर्षभरासाठी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला होता: घरात एक यंत्र आलं तर एक बाहेर जाईल. मिक्सर बिघडला तेव्हा हा नियम पाळणं सोपं गेलं. शिलाई मशीनच्या वेळी तो घशाशी आला. कारण बाहेर जायची ती अक्कांची मशीन.

ही मशीन मामंजींनी १९७९ साली घेतली. माग बंद पडले त्या दिवसांत अक्कांनी तिच्यावर गल्लीतल्या सगळ्यांची पोलकी, शाळेची गणवेशं शिवून तिघा मुलांच्या फिया भरल्या. तिचा पट्टा चामड्याचा होता. एका चातुर्मासात महाराजांचं प्रवचन ऐकून आल्या आणि घरी येताच त्यांनी तो काढून टाकला. दुसरा पट्टा मिळेपर्यंत सुताची जाड दोरी पिळून लावली होती म्हणे. दोरी सटकायची, मशीन अडायची, पण चामडं परत चढलं नाही. आता रबरी आणि प्लॅस्टिकचे पट्टे कुठेही मिळतात. तेव्हा तसं नव्हतं.

आधी मी पळवाट शोधली. जुन्या मशीनला मोटर बसवता येते आणि ती स्वस्तात होते. मेकॅनिक घरी येऊन बघून गेला. पण मोटरला पायाचं पेडल लागतंच आणि उजवा पाय तासभर दाबून धरायला अक्कांना जमेना. सुई ओवायचा प्रश्नही तसाच राहणार होता. मोटर बाद.

मग दुकानं सुरू झाली. इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर, तिन्हीकडे हिंडले. त्यात जे शिकले ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

कॉम्प्युटराईज्ड शिलाई मशीन आणि एम्ब्रॉयडरी मशीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मी स्वतः यात फसणार होते. एम्ब्रॉयडरी मशीनला फ्रेम असते, ती फ्रेम आपोआप हलते आणि मोराचं नाहीतर कमळाचं पूर्ण चित्र भरून निघतं. मला दाखवलेल्या अशा मशीनची किंमत पन्नास हजारांच्या वर होती आणि फ्रेम जेमतेम चार इंच बाय चार इंच. साध्या कॉम्प्युटराईज्ड मशीनमध्ये कापड आपणच पुढे सरकवायचं. सुई डावी-उजवी किती हलेल, टाका किती लांब होईल, एवढंच आतली छोटी मोटर आणि सर्किट ठरवतं. त्यातून एका ओळीतली पानाफुलांची नक्षी निघते, चित्र निघत नाही.

टाक्यांच्या आकड्याला भुलू नका. साठ टाके, शंभर टाके असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यात काजाचेच सात-आठ प्रकार मोजलेले असतात. घरच्या शिवणाला सरळ टाका, झिगझॅग, कडा न उसवण्यासाठीचा टाका, न दिसणारी तुरपाई, ताणाच्या कपड्याचा टाका आणि काज, एवढे सहा पुरतात. हे मी घरी सांगितलं तर अक्का म्हणाल्या, "अगं, माझा आख्खा संसार एका टाक्यावर झाला."

कापड आपलं घेऊन जा. दुकानातला माणूस खळ लावलेल्या कडक तुकड्यावर शिवून दाखवतो, त्यावर कुठलीही मशीन सुरेख चालते. मी पिशवीतून मांजरपाटाच्या चार घड्या, मऊ व्हॉईलचा दुपट्टा आणि मुलाच्या जुन्या जीन्सचा पाय नेला होता. एका मशीनने व्हॉईल आत ओढून घेतलं, एक जीन्सच्या जाड शिवणीवर अडली. एकाच काजाचं बटण सहा वेळा दाबायला लावलं. सहाही काजं सारखी आली तर मशीन चांगली. वेगाचा काटा सगळ्यात कमी करून जाड कापडावरही चालवून बघा. सावकाश चालतानाही सुई जोराने आत गेली पाहिजे. कॉम्प्युटराईज्ड मशीन घ्यायचं खरं कारण माझ्या मते हेच आहे, नक्षी नव्हे.

मग अक्कांसाठी म्हणून तीन गोष्टी बघितल्या. पहिली, चालू-बंदचं बटण. पेडल काढून ठेवलं की मशीन हाताच्या बटणावर चालते, पायाचं काम उरत नाही. पेडल जोडलेलं असलं तर बहुतेक मशीनमध्ये हे बटण चालत नाही, म्हणून मशीन बिघडली असं समजू नका. दुसरी, सुई ओवायची खिट्टी. दोरा अडकवून खाली दाबली की तो नेढ्यातून आपोआप जातो. तिसरी, वरून टाकायची बॉबिन. वर पारदर्शक झाकण असल्याने दोरा किती उरला ते दिसतं आणि मशीनखाली हात घालून चाचपडावं लागत नाही.

सर्व्हिसची चौकशी घासाघीस करण्याआधी करा. सर्किट बोर्डाची वॉरंटी किती, मेकॅनिक गावात आहे की मशीन पुण्या-मुंबईला जाणार, बॉबिन आणि फूट सुटे मिळतात का. न्यू जर्सीतला भाचा म्हणाला, "मामी, तिकडे स्वस्त मिळते, येताना घेऊन येतो." मी नको म्हटलं. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. ट्रान्सफॉर्मर लावा, वर बिघडली तर इथे हात लावायला कोणी नाही. स्वस्त ते महाग पडतं ते असं.

शेवटी शंभर टाक्यांची मशीन बाजूला ठेवून साठ टाक्यांची एक पसंत केली. अक्कांच्या तिन्ही गोष्टी तिच्यात होत्या आणि पंचवीसच्या आत बसत होती.

आता नियमाचं. मशीन ठरली त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "जुनी मशीन दादांच्या वाड्यात ठेवूया का? नाव त्यांचं, वस्तू तिथे. घरात एकच राहील." ह्यांनी हसून गांधीजी काढले. यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिलाई मशीनला सूट दिली होती, तर तुझ्या नियमालाही एक सूट असू दे, म्हणाले. मला पटायला लागलं होतं. नियम घेताना मी "घरात" असा शब्द उच्चारला होता, दादांचा वाडा काही आमचं घर नव्हे. पण झोप येईना. ज्या वस्तूची किल्ली माझ्याकडे राहणार, ती माझ्या परिग्रहातून गेली असं कसं म्हणायचं? आणि द्यायची म्हटलं तर मशीन माझी नव्हेच. नियम माझा आणि त्यात सोडायचं मात्र अक्कांनी, हे कुठल्या न्यायाचं?

सकाळी मी अक्कांना सगळं सांगितलं. वाड्याचंसुद्धा. म्हटलं, "नवी मशीन पुढच्या चातुर्मासानंतर घेऊ. तोवर नियमाची मुदत संपते."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि यंदाची वेष्टनं?"

मी गप्प.

"मशीन माझी आहे ना? मग कुणाला द्यायची ते मी बघते. तुझ्या नियमासाठी नाही देत. गंजून जायची ती उगीच."

आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींची नात ब्लाऊज शिवायला शिकतेय. क्लासमधल्या मशीनवर तिचा नंबर आठवड्यातून दोनदाच लागायचा. अक्कांनी तिला बोलावलं. देण्याआधी मशीनचे ड्रॉवर रिकामे केले, कोपऱ्यात कसर होती ती मऊ ब्रशने हळूच कागदावर घेऊन परसात सोडली, तेल घातलं, नवा रबरी पट्टा चढवला. त्या मुलीला एवढंच सांगितलं, "चामड्याचा लावू नकोस." टेम्पो गेल्यावर त्या नेहमीसारख्या सामायिकाला बसल्या. मला मात्र दिवसभर त्यांच्याकडे नीट बघवलं नाही. आपला नियम दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो तेव्हा त्याचं पुण्य कुणाच्या खात्यात, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. यंदा नियम घेताना मात्र आधी घरात विचारून घेतला.

नवी मशीन आली आणि पहिल्याच दिवशी तिने मला रडवलं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं नुसतं जाळं. बॉबिन बदलली, सुई बदलली, माहितीपुस्तक उलटंपालटं केलं. मशीन परत करायची भाषा सुरू झाली. अक्का येऊन शेजारी बसल्या, वरचा दोरा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "दोरा सैल येतोय गं. ओवताना फूट वर होता का खाली?" फूट खाली होता. फूट खाली असला की ताणाच्या चकत्या मिटतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि गुंता खाली दिसतो. चूक वरची, दिसते खाली. पंचेचाळीस वर्षांची पायमशीन आणि आताची बटणांची, दोघींचा हा स्वभाव सारखाच निघाला.

तेव्हापासून आमच्या काही सवयी ठरल्या आहेत. ओवताना फूट वर. बॉबिन मशीनसोबत आली त्याच मापाची प्लॅस्टिकची, जुन्या मशीनची लोखंडी नाही. पातळ कापडाला ११ नंबरची सुई, मांजरपाटाला १४, जीन्सला १६. काम झालं की प्लग काढायचा आणि वर कापडी झाकण घालायचं, म्हणजे धूळ बसत नाही आणि एखादा जीवही आत जात नाही. सूर्यास्तानंतर शिवण बंद, कारण मशीनच्या दिव्यावर किडे येतात. तेल जुन्या सवयीने ओतू नका, नव्या मशीनला पुस्तकात सांगितलं असेल तेवढंच आणि तिथेच.

यंदाच्या श्रुतपंचमीला अकरा वेष्टनं गेली. सगळी सुती. अक्का रेशीम वापरत नाहीत. मी हौसेने एका वेष्टनाच्या काठाला पानांची नक्षी घालून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली, "छान आहे, ती पिशवीला घाल," म्हणाल्या, आणि पुढचं वेष्टन स्वतः सरळ टाक्यावर घेतलं. पाय पाटावर, उजवा हात बटणावर. सुई त्यांनीच ओवली.

साठांतले सहा टाके वापरात आहेत. बाकीचे चोपन्न तसेच पडून आहेत. तोही परिग्रहच, पण तो मशीनच्या आतच आहे, म्हणून चालवून घेते. दुधाच्या मावशींच्या नातीचा दोरा मध्ये सारखा तुटत होता, तर अक्का रिक्षाने जाऊन टेन्शन नीट करून आल्या. आता ती गुरुवारी कापलेला ब्लाऊज दाखवायला इकडे येते.

तुमच्यापैकी कुणी मशीन घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी घरात एकदा बघा, ती चालवणार कोण आणि त्या बाईचं काय दुखतं. टाके मागाहून मोजा.

जय जिनेंद्र.