शह आणि चेक

बुद्धिबळात समोरचा राजा माऱ्यात आला की आपण 'शह' म्हणतो. हा शह म्हणजे फारसीतला शाह, राजा. 'राजा!' म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करायचं, एवढीच ती हाक. अरबांमार्फत ती युरोपात पोचली, जुन्या फ्रेंचमध्ये तिचं 'एशेक' झालं आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक' केलं. त्याच्याच अनेकवचनातून 'चेस' निघाला. भारतातून चतुरंग म्हणून निघालेल्या खेळाला तिकडे नाव मिळालं ते पटावर ओरडायच्या शब्दाचं!

राजाला अडवण्यावरून कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं, अशी अर्थाची वाटचाल सहज कळते. मला गुंतवून ठेवतं ते मात्र चौकड्यांचं कापड.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या मेजावर चाले. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यावर रेघांनी चौकटी पाडलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोकेदुखी, म्हणून पेन्स, शिलिंग, पौंड यांच्या रकान्यांत सोंगट्या सरकवून वसुली मोजायची. पटासारखं दिसतं म्हणून हे खातंच 'एक्सचेकर' झालं. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कारभारावर लॅटिनमध्ये पुस्तकच लिहिलं. दिसण्यापलीकडचं एक कारणही त्यात आहे: पटावर जशी दोन राजांची, तशी इथे खजिनदार आणि वसुलीचा हिशेब द्यायला आलेला अधिकारी, म्हणजे शेरिफ, यांची लढाई. सरकारी माणसाला आपल्या खात्याबद्दल इतकं रसाळ सुचावं, याचा मला हेवा वाटतो. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून त्या कापडाचंच नाव लावतो.

बँकेतला चेक आला तपासण्याच्या अर्थावरून. अठराव्या शतकात चेक म्हणजे लबाडी पकडण्यासाठी मागे ठेवलेली स्थळप्रत. पुढे ते नाव खुद्द कागदालाच चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगमधली (cheque) ती लांबलचक शेपटी एक्सचेकरच्या प्रभावाने आली. अमेरिकेने ती लावून घेतली नाही.

मराठीत हा शब्द दोनदा आला. एकदा फारसीतून, म्हणून राजकारणात शह-काटशह चालतात. दुसऱ्यांदा इंग्रजांबरोबर, म्हणून चेक वटतात, शर्टाला चेक्स असतात आणि वेशीवर चेकनाका असतो. अशा नाक्यांवर घेतली जाणारी मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाली. रिक्षावाल्याला मात्र आजही 'मुलुंड चेकनाका' एवढं सांगितलं की पुरतं.