केलं कुणी?

जबलपूरच्या विजय नगरात कॉलेजची मुलं रेझ्युमे घेऊन माझ्याकडे येतात. ‘काकू, इंग्रजी तेवढं बघून द्या.’ इंग्रजी बहुधा ठीक असतं. अडतं ते मजकुरात. ‘महोत्सवात सहभाग होता’, ‘जबाबदारी सोपवण्यात आली’. काम झालेलं दिसतं, करणारा दिसत नाही.

थोडा विनय, थोडी भाषेची सवय. ‘मी वाचनालय उभारलं’ म्हटलं तरी मराठी क्रियापद वाचनालयाच्या लिंगाने चालतं, माझ्या नाही. हिंदीत ‘ने’ लागला की तेच. अर्ज वाचणाऱ्याला मात्र कर्ता हवा असतो.

1883 मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. शालेय शिक्षण तुटपुंजं होतं. स्नेही आणि जात यांचा विरोध असताना ज्या निर्धाराने आपण इथवर आलो, तोच पुढे कामी येईल, असं त्यांनी लिहिलं. प्रवेश मिळाला, 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. केलेलं सांगणं म्हणजे बढाई नव्हे.

शेजारच्या मुलीने आईच्या डब्यांचं काम रेझ्युमेत घातलंच नव्हतं. ‘ते घरचंच काम ना!’ मी आग्रह केला, तेव्हा तिने लिहिलं: ‘व्यवसाय चालवला.’ मी क्रियापद खोडलं. चालवला तो आईने. तिने काय केलं? दोन वर्षं 22 डब्यांचा हिशेब ठेवला, थकलेली उधारी वसूल केली. तेवढंच लिहिलं. ते पुरेसं होतं, आणि आईचं श्रेय आईकडेच राहिलं.