पापणी उलटून बघा

धाराशिव जिल्ह्यातल्या बचत गटांच्या पशुसखींसाठी शेळ्यांच्या जंतांवर एक चित्रपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सोबत पशुवैद्यकांनी लिहिलेला चार पानी मजकूर होता. हिमाँकस नावाचा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, रक्त पितो, मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंड्यांतून बाहेर पडतात, पावसाळ्यात ओल्या गवतावर अळ्या चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. मजकुरात खोट काढायला जागा नव्हती. गोल फिरणाऱ्या बाणांची आकृतीसुद्धा होती. मी डॉक्टरांना विचारलं, हे सगळं कळलेल्या बाईनं सकाळी उठून करायचं काय? ते म्हणाले, "जंताचं औषध पाजायचं." मग थांबून म्हणाले, "पण उठसूट नाही पाजायचं."

त्या 'पण'नं पत्रकाचा विषयच बदलला. सगळ्या शेळ्यांना एकदम, वरचेवर आणि अंदाजानं कमी औषध पाजलं की चिवट जंत तेवढे मागे उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि काही वर्षांत ते औषध निकामी होतं. म्हणून ज्या शेळीला गरज आहे तिलाच पाजायचं. ती ओळखायची कशी, याचं फार सुंदर उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी १९९० च्या दशकात काढलं. खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. हातातल्या कार्डावर लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच छटा. चौथ्या-पाचव्या छटेची शेळी म्हणजे अंगात रक्त उरलेलं नाही, तिला औषध. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून त्या पद्धतीला 'फामाचा' म्हणतात. अक्षराची गरज नाही, प्रयोगशाळेची नाही. चित्रकार म्हणून मला त्या कार्डाचा हेवा वाटतो.

तरीही आमच्या पत्रकात मी रंग घेतले नाहीत. ते कार्ड प्रशिक्षणासोबत देतात, त्यातल्या छटा मोजूनमापून छापलेल्या असतात आणि उन्हानं त्या उडतात म्हणून कार्ड वेळोवेळी बदलावं लागतं. आमच्या पत्रकाचं नशीब ठरलेलं होतं: पशुसखी तालुक्याला जाणार आणि झेरॉक्स काढून आणणार. झेरॉक्समध्ये लाल करडं, गुलाबीही करडं. शिवाय उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी. काळी रंगवली तर कागदावर नुसता डाग पडतो, डोळा सापडत नाही. म्हणून नुसत्या रेषेत एकच चित्र ठेवलं. शेळीचं तोंड उजेडाकडे, एक अंगठा वरच्या पापणीवर हलकेच दाबलेला, दुसऱ्यानं खालची पापणी ओढलेली. रंग दाखवायचा तो गटाच्या बैठकीत, दोन जित्या शेळ्या शेजारी धरून, उन्हात.

कच्चा कागद घेऊन गावात बसले की मी "समजलं का?" असं विचारत नाही. पाहुणीचा मान राखायला सगळ्या माना डोलावतात. "यात काय दिसतंय?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. असं करू नका, हे सांगायला एका चित्रावर लाल फुली मारली होती. एक मावशी म्हणाल्या, "हिला दवाखान्यात न्यायची." लाल फुली त्यांनी रुग्णवाहिकेवर पाहिली होती, शाळेच्या वहीत नव्हे. फुल्या गेल्या. जबड्याखाली पाणी साठलेली शेळी मात्र लांबूनच ओळखली गेली. "ह्ये शेरडू काय टिकत न्हाई," असा निकालही लगेच लागला. आजार ओळखण्यात या बायकांना माझ्या चित्राची गरज फार थोडी होती.

अडलं ते मापावर. बाटलीवर लिहिलेलं असतं वजनाच्या किलोला इतके मिलिग्रॅम. औषध अडीच टक्के असेल तर एका मिलीत पंचवीस मिलिग्रॅम, हा हिशेब बैठकीतल्या शिकलेल्या मुलींनाही चटकन जमेना, आणि शेळी तोलायला काटा कोणाकडे असतो? तेवढ्यात एकजण म्हणाली, "म्याडम, हिचं धा किलो मटण पडंल." व्यापाऱ्याशी घासाघीस करून करून तो अंदाज तिच्या डोळ्यांत बसलेला. मटण साधारण जिवंत वजनाच्या निम्मं भरतं, म्हणजे शेळी वीस किलोच्या आसपासची. डॉक्टर आधी हसले, मग वही काढून बसले. गटानं एकच औषध ठरवलं, डॉक्टरांनी त्याची मापं काढून दिली आणि पाजायच्या सिरिंजवर नेलपॉलिशच्या तीन रेघा मारल्या: करडू, पाठ, मोठी शेळी. दोन मापांच्या मध्ये अडकलेल्या शेळीला वरचं माप, कारण कमी पडलेलं औषध जंतांनाच शिकवून जातं. औषध बदललं तर रेघा पुसायच्या, ही सूचना पशुसखीच्या डोक्यात पक्की बसवावी लागली.

महिन्यांची नावंही काढून टाकली. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, म्हणून मृगाचे ढग आणि सुई. पापण्या नीट तपासायच्या त्या भर पावसाळ्यात, म्हणून पोळ्याचा सजवलेला बैल आणि डोळा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक मोबाइलच्या बटणांवर असतो तशाच इंग्रजी आकड्यांत छापला. नाव वाचता न येणाऱ्या बायका फोन लावतात, पैसे मोजतात. आकड्यांशी त्यांचं कधी अडत नाही.

दोन गोष्टी मात्र कागदावर उतरल्याच नाहीत. अल्बेंडाझोलसारखं औषध गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यायचं नसतं, आणि पाच महिन्यांच्या गाभणपणातला पहिला महिना कोणत्या रेषेनं दाखवणार? पोट तर दिसतच नाही. शेवटी पशुसखी पापणी बघायच्या आधी विचारते, "बोकड कधी दाखवला?" बायकांना तो दिवस बरोबर आठवतो. दुसरी गोष्ट अवघड आहे. औषध पाजल्यावर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत ती शेळी कापायला विकायची नाही. मी कॅलेंडर, चंद्र, बंद दार, सगळं काढून पाहिलं. बायकांनी ते ओळखलंही, आणि त्यातली एक म्हणाली, "पोराची फी भरायची आली की आम्ही कुठलं दिवस मोजतोय?" त्यावर माझ्याकडे चित्र नव्हतं. पशुसखीनं तोड काढली: विकायची शेळी आधी वेगळी सांगायची, आणि तिच्यासाठी काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.