तोंडात वाढणारी पिल्लं

आमच्या घरी चार फुटी टँकमध्ये इलेक्ट्रिक यलो जातीचे मासे आहेत. अंग लख्ख पिवळं, पाठीच्या पंखावर काळी पट्टी, लांबी पूर्ण वाढ झाल्यावरही बोटभरच. त्यांचं मूळ आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या हद्दी या सरोवराला लागतात. लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त, सर्वांत खोल जागी सुमारे ७०० मीटर पाणी. या एका सरोवरात सिक्लिड कुळातल्या माशांच्या आठशेच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर याच कुळातला. तो अंडी दगडाला किंवा बुडालेल्या लाकडाला चिकटवतो आणि नर-मादी दोघं मिळून राखण करतात. मलावीच्या जवळजवळ सगळ्या सिक्लिड माद्या मात्र अंडी तोंडात घेतात आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळतात.

हे मासे मी आणले ते रंग आवडला म्हणून. पैदाशीत रमले ती मात्र पहिली मादी तोंड मिटून एका कोपऱ्यात उभी राहिलेली पाहिली तेव्हापासून.

या माशांची पहिली गरज म्हणजे पाणी. सरोवराचं पाणी क्षारयुक्त, पीएच साधारण ७.७ ते ८.६ आणि तापमान २४ ते २८ अंश. पुण्यात नळाला येणारं पाणी धरणाचं, मऊ. सोसायटीच्या बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडावर पांढरा थर बसवणारं. मी दोन्ही मिसळून वापरते आणि फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवते, म्हणजे पीएच खाली घसरत नाही. अशा पाण्यात एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं. पीएच जितका जास्त, तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि खाणं नेहमी हात राखून टाकायचं. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे दगड. किनाऱ्याजवळच्या खडकांत राहणाऱ्या या माशांना म्बुना म्हणतात. खडकावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव टिपून ते जगतात. त्यामुळे टँकमध्ये सपाट दगड, कपारी आणि खाली बारीक वाळू हवी. दगड आधी तळावर पक्के बसवायचे आणि मग वाळू घालायची. हे मासे वाळू उकरतात आणि नुसत्या वाळूवर टेकलेला दगड खाली येऊ शकतो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. एकच मादी असली तर नर तिला उसंत देत नाही.

नर तयार झाला की त्याचे पोटाखालचे पंख काळेभोर होतात. एखाद्या दगडाखालची वाळू तो तोंडात भरून बाहेर थुंकतो आणि बशीएवढा खळगा करतो. मादी जवळ आली की तिच्यापुढे आडवं होऊन सगळं अंग थरथरवतो. मग दोघं एकमेकांच्या शेपटाशी तोंड आणून खळग्यावर गोल फिरू लागतात. मादी एखाद-दुसरं अंडं टाकते, लगेच वळते आणि ते तोंडात उचलते. अंडं केशरी-पिवळं, तीन-चार मिलिमीटरचं. माशाच्या आकाराच्या मानाने ते बरंच मोठं, कारण पिल्लाची सगळी शिदोरी त्यातच असते. अंडं तळावर क्षणभरच असतं, त्यामुळे नजर हलली की सुटतं. नराच्या गुदपंखावर अंड्यांसारखे पिवळसर ठिपके असतात. मादी त्या ठिपक्यांना तोंड लावते, तेव्हाच नर वीर्य सोडतो आणि तिच्या तोंडातली अंडी फळतात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल असावी, अशी मांडणी जर्मन संशोधक वोल्फगँग विकलर यांनी १९६२ साली केली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यात भर घातली आणि शंकाही काढल्या. टँकसमोर बसून पाहताना मला मादी ठिपक्यांकडे ओढली जाताना दरवेळी दिसते.

यानंतर मादी ‘होल्ड’ करते. शौकीन मंडळींचा हा रोजच्या बोलण्यातला शब्द. तिच्या गळ्याखाली पिशवी दिसू लागते, तोंड पूर्ण मिटत नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने ती काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवते. ही हालचाल नीट बघण्यासारखी आहे. अंडी तोंडातल्या तोंडात फिरवली जातात, त्यांच्यावरून सतत ताजं पाणी जातं, प्राणवायू मिळतो आणि बुरशी धरत नाही. मादी यांपैकी एकही काम चुकवत नाही, रात्रीसुद्धा. पाच-सात दिवसांत अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, पण पोटाला बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत मुक्काम तोंडातच. एकूण साधारण तीन आठवडे. पाणी थंड असेल तर आणखी काही दिवस.

या काळात इलेक्ट्रिक यलोची मादी खात नाही. दाणे टाकले की बाकीचे मासे तुटून पडतात आणि ती पुढे येऊन मागे वळते. आमच्या सासूबाईंना मासे पाळण्याचा शौक नाही, पण ही गोष्ट कळल्यापासून त्या सकाळचा चहा टँकसमोर घ्यायला लागल्या. रोज विचारायच्या, “सुटला का गं तिचा उपास?” मी म्हणायचे, “अजून नाही आई, आठवडा तरी आहे.” त्यावर त्या मादी असलेल्या बाजूचा पडदा ओढून घ्यायच्या आणि नातवंडांना काचेवर टकटक करू द्यायच्या नाहीत. तेच बरोबर होतं. होल्ड करणारी मादी दचकली तर अंडी थुंकते किंवा गिळते. तरुण मादी पहिल्या-दुसऱ्या खेपेला तसं करतेच. तेव्हा तिच्यामागे लागायचं नाही. पुढच्या खेपेला तीच मादी पूर्ण मुदत सांभाळते.

पिल्लं वाचवायच्या तीन पद्धती आहेत. मादीला मोठ्या टँकमध्येच राहू द्यायचं. मग दगडांच्या फटीत शिरतील ती पिल्लं जगतात, बाकीची इतरांच्या पोटात जातात. दुसरी पद्धत स्ट्रिप करण्याची. ओल्या हाताने मादी धरून, डोकं खाली करून, खालचा जबडा अगदी हलकेच उघडायचा आणि पिल्लं पाण्याच्या भांड्यात घ्यायची. अंडी लवकर काढली तर ती हवेच्या बुडबुड्यांवर सतत हलती ठेवणाऱ्या नळीत वाढवावी लागतात. मादी फार खंगली असेल तर हा उपाय योग्य. एरवी मी तिसरी पद्धत धरते. तिसरा आठवडा लागला की दिवे मालवून, पारदर्शक डब्यात पाण्यासकट मादीला उचलायचं आणि शांत, लहान टँकमध्ये सोडायचं. जाळी वापरायची नाही. जाळीत ती घाबरते आणि तोंड रिकामं करते. जे काम तिचं तोंड इतकं चोख करतं, ते तिच्याकडून घाईने काढून घेण्यात आपला फायदा नाही आणि तिचाही नाही.

शेवटच्या दिवसांत टॉर्च तिरका धरून पाहिलं तर किंचित उघड्या तोंडात बारीक काळे डोळे दिसतात, एकाशेजारी एक. मग एका सकाळी पिल्लं दगडापाशी फिरताना सापडतात. सेंटीमीटरभर लांब, फिकट पिवळी, आकाराने हुबेहूब आईबाप. एका वेळी साधारण दहा ते पंचवीस. एंजल माशाची जोडी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते आणि पिल्लं पहिले दिवस इतकी नाजूक असतात की निम्मी हाती लागली तरी पुष्कळ. इथे संख्या थोडी, पण बाहेर आलेलं जवळजवळ प्रत्येक पिल्लू धडधाकट.

मादीला लगेच मोठ्या टँकमध्ये सोडायचं नाही. तिचं पोट खपाटीला गेलेलं असतं आणि नर तिची वाट बघत असतो. चार-पाच दिवस तिला वेगळं ठेवून थोडं थोडं खायला घालायचं. “बाळंतीण आहे ती,” सासूबाई म्हणायच्या, आणि माझ्याआधी दाण्याचा डबा काढायच्या. तिची भूक मोठी असली तरी मटण किंवा बीफ हार्टसारखं जड खाणं द्यायचं नाही. म्बुनांचं पोट त्याने बिघडतं.

पिल्लांचं खाणं आर्टेमियाचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांचं. त्यांची अंडी घरीच उबवायची. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, उलटी टांगलेली बाटली, तळातून जोरात हवा, वर दिवा आणि २८ अंशांच्या आसपास ऊब. चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि केशरी जीव उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन पिल्लांना द्यायचे. ही अंडी पुष्कळदा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकवरून येतात, पण आर्टेमियाची नोंद मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही झालेली आहे. रोज ताजं आर्टेमिया जमत नसेल तर फ्लेक्स चिमटीत चुरून दिले तरी ही पिल्लं पहिल्या दिवसापासून खातात. दिवसातून तीन-चार वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मोठ्या टँकमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर पिल्लांच्या टँकला लावायचा आणि उरलेलं रोज बारीक नळीने ओढून काढायचं. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप लावायचा. पिल्लांचा टँक लहान, त्यातला प्राणवायू लवकर संपतो. एवढं सांभाळलं तर तीनेक महिन्यांत पिल्लू इंचभर होतं.

आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. एक मादी वर्षातून अनेकदा होल्ड करते. ही पिल्लं जाणार कुठे? म्बुनांच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. यलो आणि रेड झेब्रा एकत्र ठेवले तर जी पिल्लं होतात, ती दिसायला यलोसारखीच, पण जात शुद्ध नाही. ती विकली गेली की पुढच्या माणसाच्या टँकमध्येही गोंधळ पोचतो. म्हणून मी एका टँकमध्ये एकच जात ठेवते आणि ओळखीच्या दुकानदाराने किंवा शौकिनाने आधी होकार दिला असेल, तेवढीच पिल्लं वाढवते. बाकीच्या खेपांना मादी मोठ्या टँकमध्येच राहते.

तोंडात पिल्लं सांभाळण्याची ही ताकद बाहेरच्या पाण्यात काय करते, ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. तिलापिया मूळची आफ्रिकेची. तीही तोंडातच पिल्लं वाढवते, आणि ती सोडल्यावरही धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. १९५२ साली ती भारतात आणली गेली. आज उजनीच्या पाण्यात आणि भिगवणच्या बाजारात ती चिलापी म्हणून ढिगाने दिसते. तिने अनेकांना रोजगार दिला, हे खरं. पण भीमेच्या मूळच्या माशांची जागाही तिने घेतली. घरगुती टँकमधून सुटलेला सकर मासाही आता तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यांत अडकतो. पुण्याची मुळा-मुठा भीमेलाच मिळते आणि भीमा उजनीत जाते. म्हणजे आपण पुलावरून सोडलेला मासा कुठे पोचतो, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा हा छंद जरूर करा. मादी होल्ड करत असताना तिला एकटं सोडा, पिल्लांचं पाणी स्वच्छ ठेवा, जाती मिसळू नका. पिल्लं जास्त झाली तर दुकानात परत द्या, शाळेतल्या टँकला द्या, ओळखीत वाटा. पण नदीत, तलावात किंवा विहिरीत एकही मासा सोडू नका.