गोळीला कसं कळतं?

गुरुग्रामला राहायला आल्यापासून काही मराठी शब्द जपून वापरावे लागतात. परवा लेकीला जरा मोठ्यानं म्हटलं, ‘पेशीची आकृती नीट काढ गं,’ तर शेजारच्या भाभीजींनी दारातूनच काळजीनं विचारलं, ‘किसकी पेशी है?’ इकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! विज्ञानातली आपली पेशी हिंदीत ‘कोशिका’ होते.

लेकीच्या वहीत तीन आकृत्या होत्या. पहिली प्राण्याच्या पेशीची. तिला बाहेरून नुसतं पातळ पटल, आत केंद्रक आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. दुसरी वनस्पतीची. तिला पटलाबाहेर सेल्युलोजची भिंत, आत पाण्यानं भरलेली मोठी रिक्तिका, शिवाय हिरव्या भागांत हरितलवकं. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या बांधकामासारखा दिसतो, तो या भिंतींमुळेच. तिसरी जीवाणूची. त्याचा सगळा संसार एकाच पेशीत, आणि तीही आपल्या पेशीपेक्षा कितीतरी लहान. त्यात केंद्रक नाही. डीएनए पेशीद्रवातच मोकळा. बहुतेक जीवाणूंना भिंत असते, पण ती सेल्युलोजची नव्हे, वेगळ्याच पदार्थाची.

आकृत्या रंगवता रंगवता लेकीनं विचारलं, ‘आई, गोळीला कसं कळतं, जंतू कुठला आणि आपण कुठले?’

उत्तर तिच्या वहीतच होतं. पेनिसिलिन जीवाणूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. कच्च्या भिंतीचा जीवाणू आतल्या दाबानं फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून त्या सुखरूप! अलेक्झांडर फ्लेमिंगला 1928 साली सापडलेलं हे औषध आपल्याकडे बनावं, म्हणून पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. दुसरी काही प्रतिजैविकं जीवाणूच्या प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालतात. तीही आपल्यापेक्षा निराळी असते.

पण साधी सर्दी होते विषाणूंमुळे. विषाणूला ना भिंत, ना स्वतःची पेशी. तिथं प्रतिजैविक मारणार कुणाला?

दिवाळीनंतर इथली हवा धुरकट होते आणि घरोघरी खोकला सुरू होतो. लेकीला सर्दी झाली, तेव्हा भाभीजींनी मायेनं प्रतिजैविकाची उरलेली अर्धी पट्टी आणून दिली. मी ती हात जोडून परत केली. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना जीवाणूंचा न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी निवडलेल्या प्रतिजैविकांनीच त्या उठून बसल्या. अशी औषधं विनाकारण घेतली, की त्यांना दाद न देणारे जीवाणू तेवढे शिल्लक राहतात आणि वाढतात. मग खऱ्या दुखण्यात तेच औषध हात टेकतं.

तेव्हा मैत्रिणींनो, प्रतिजैविकं डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि त्यांनी सांगितलेत तितके दिवस घ्या. एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना या औषधांची गरज कधी पडेल, सांगता येत नाही. त्या दिवशी ती लागू पडायला हवीत.