गिरगाव ते अलिबाग : पाण्यावरची वाट

नकाशावर फूटपट्टी ठेवली, तर गिरगाव ते अलिबाग हे अंतर साधारण ३५ किलोमीटर भरते. गाडीने निघालात, तर पनवेल, पेण, वडखळ असे सुमारे शंभर किलोमीटर पडतात आणि लागून आलेल्या सुट्ट्यांत निम्मा दिवस त्यातच जातो. मध्ये बंदराचे पाणी आणि त्यापलीकडे धरमतरची खाडी. ती अरुंद होईपर्यंत रस्त्याला आत शिरावेच लागते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडीतून थेट चिर्ल्याला पोहोचता येऊ लागले, पण पेण-वडखळचा वळसा सुटला नाही. म्हणून मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जातो, आणि माझ्या मते मध्य मुंबईकराला तीच खरी वाट आहे.

धक्क्यापासून मांडवा सरळ रेषेत जेमतेम अठरा किलोमीटर. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट माणसांबरोबर मोटारीही तासाभरात पलीकडे नेते. पुढे अलिबागपर्यंत वीसेक किलोमीटर. डावीकडे जवाहर द्वीपाच्या तेलटाक्या आणि घारापुरीचे डोंगर मागे पडतात, करंजाचा डोंगर जवळ येतो, आणि आपण वळसा न घालता नाकासमोर चाललो आहोत याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो. समुद्राची भीती घालणारे ‘रामदास’चे नाव घेतात, आणि ते घ्यायलाच हवे. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी आषाढी अवस होती, अनेकजण सणाला घरी निघाले होते. लाटेच्या तडाख्याने माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. या इतिहासातून मला दिसते ते एवढेच, की दोष बेफिकिरीचा होता. गर्दीवर मर्यादा, संदेशयंत्रणा आणि हवामान पाहून बोट सोडणे ही त्यावरची उत्तरे आहेत. पाण्याकडे पाठ फिरवणे हे उत्तर नव्हे.

पहाटे निघाले तर मोटारही तितक्याच वेळात पोहोचते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण मोटार दारात असेल तर, आणि पहाटेच निघता आले तर. पावसाळ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण गेटवेच्या लाँच तेव्हा बंद असतात आणि मोठ्या बोटीलाही खवळलेल्या समुद्रापुढे थांबावे लागते. तरी उरलेले आठ-नऊ महिने थोडे नाहीत. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकू येणारा रेवस-करंजा पूल होईल तेव्हा होवो. तोवर सरकारने या बोटींना सहलीचे साधन न मानता लोकलसारखा मासिक पास आणि पहाटेची फेरी द्यावी. आणि लालबाग-परळहून अलिबागला निघणाऱ्यांनी पुढच्या खेपेला डॉकयार्ड रोडला उतरून धक्का गाठावा.