किंगपिन

नानांच्या गाडीचे पुढचे डावे चाक वाजू लागले तेव्हा मला मनातून बरे वाटले होते, हे आधीच कबूल करते. नाना एक्याऐंशी वर्षांचे. दर महिन्याला नंदुरबारहून प्रकाशाला, तापीकाठच्या केदारेश्वराला, स्वतः गाडी चालवत जाण्याचा त्यांचा नेम. 'आता पुरे' असे त्यांना सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. ते काम गाडीनेच परस्पर केले तर मला हवेच होते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७५ ची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणाऱ्या फियाट ११०० ला १९७४ मध्ये हे नाव मिळाले, पण आमच्या घरात ती 'फियाट'च राहिली. मिस्त्रींनी ती जॅकवर उचलली, चाक वरून-खालून धरून हलवले आणि म्हणाले, "किंगपिन गेली." वळताना चाक ज्या उभ्या पोलादी खिळीभोवती फिरते ती किंगपिन. ती गनमेटलच्या बुशांत बसते. तिथे ग्रीस पोचले नाही की पिन आणि बुश दोन्ही झिजतात. ग्रीसिंगच्या तारखा नाना एका वहीत लिहून ठेवीत. शेवटची नोंद २०१९ ची. त्यानंतर "तुम्ही आता वाकू नका, मी बघते," असे मीच म्हटले होते.

नंदुरबारला आणि धुळ्याला शोध घेतला. जीपचे पाटे हवे तितके होते. फियाटचे नाव काढताच दुकानदार हसत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता हे भाग कोण कशाला ठेवील? मीही शोध फार मनापासून घेत नव्हते. पण एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून, न मागता, दोन पुडकी पाठवली. एकात ऑपेरा हाउसच्या बाजारातला कोरा संच, कुणी बनवला याचा पत्ता नसलेला. दुसऱ्यात कुर्ल्याच्या भंगारातून आणलेली, मोडीत निघालेल्या टॅक्सीची अस्सल किंगपिन.

माझा कल अर्थातच दुसरीकडे. वर्गात पाठचिकित्सा शिकवताना, एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आणि त्याहून जुनी म्हणून राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली, हा वाद मी अनेक वर्षे रंगवून सांगितला, आणि माप नेहमी जुनीकडे झुकू दिले. २०२१ चा सरकारी नियमही पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणताना मूळ स्वरूप टिकवण्याची अट घालतो. मिस्त्रींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी जुन्या पिनेवरून अंगठ्याचे नख फिरवले. मध्ये ते अडकले.

"ताई, माल असली आहे. पण ही दुसऱ्या गाडीत झिजलीय. तिची झीज आपल्याला काय कामाची?"

नवी पिन त्यांनी मायक्रोमीटरने मोजली. नवे बुश मुद्दामच किंचित तंग ठेवलेले असतात. ते ठोकून बसवायचे आणि मग हाताने रीमर फिरवत थोडे थोडे मोठे करायचे. एक फेरी, पुसणे, पिन घालून पाहणे, पुन्हा फेरी. जास्त कापले गेले तर बुश वाया, आणि दुसरा संच कुठून आणणार? निम्मा दिवस यात गेला. अखेर अंगठ्याच्या दाबाने पिन आत सरकली, तेव्हा तिला हलवून पाहायला त्यांनी मलाही बोलावले. ती जराही डुगडुगत नव्हती.

नाना सबंध वेळ स्टुलावर बसून होते. काम संपल्यावर त्यांनी खिशातून वही काढून माझ्या हाती दिली. तारीख मी घातली.

पुढच्या सोमवारी आम्ही प्रकाशाला गेलो. चालवायला नानाच बसले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. गाडी मात्र सरळ चालली होती. माझा उजवा पाय वाटभर, जिथे ब्रेक नव्हता तिथे, दाबून धरलेला होता.